प्रौढांचा कॅथलिक धर्मप्रवेश : टप्पे, नियम आणि स्वातंत्र्य

कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या बालकाच्या बाप्तिस्म्याचा निर्णय आईवडील घेतात. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत हा निर्णय सर्वस्वी तिचा स्वतःचा असावा लागतो आणि तो विचारपूर्वक घेतला आहे याची खात्री चर्चला करून घ्यावी लागते. त्यामुळे प्रौढांचा कॅथलिक धर्मप्रवेश एका दिवसात उरकणारा विधी नाही. अनेक महिने, कित्येकदा वर्षाहूनही अधिक काळ चालणारी ती क्रमबद्ध वाटचाल आहे. बाप्तिस्म्याच्या क्षणापर्यंत इच्छुकाला केव्हाही माघार घेता येते.

प्राचीन प्रथेचे पुनरुज्जीवन

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत प्रौढांना दीर्घ शिक्षणानंतरच बाप्तिस्मा दिला जाई. तिसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘अपोस्टोलिक ट्रॅडिशन’ या ग्रंथात सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा श्रवणकाळ सांगितला आहे. संत ऑगस्टीन यांना मिलानचे बिशप अॅम्ब्रोज यांनी इ. स. 387 मध्ये ईस्टरच्या जागरणरात्री बाप्तिस्मा दिला, तोही अशाच तयारीनंतर. पुढे बालकांचा बाप्तिस्मा रूढ झाल्यावर ही परंपरा क्षीण होत गेली.

गोव्याच्या इतिहासात हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या छायेत येथे सामूहिक बाप्तिस्मे झाले. त्यांत राजसत्तेचा दबाव किती आणि श्रद्धा किती, हा वाद आजही संपलेला नाही. बाप्तिस्म्याच्या मागोमाग शिक्षणाची निकड भासली. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले, 1616 मध्ये राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ याच गरजेतून नवख्रिस्ती समाजासाठी लिहिले गेले. 1622 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी ‘दौत्रिन क्रिस्तां’ हीदेखील त्याच प्रयत्नाचा भाग होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962 ते 1965) प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याने दीक्षा देण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला. त्यानुसार 1972 मध्ये रोमने नवा विधिग्रंथ जारी केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आरसीआयए’ या नावाने ही पद्धत जगभर ओळखली जाते.

वाटचालीचे चार कालखंड

पहिला काळ चौकशीचा. इच्छुक व्यक्ती आपल्या परिसरातील चर्चच्या धर्मगुरूंना भेटते, शंका विचारते, प्रार्थनेत सहभागी होते. या काळात कोणतेही बंधन नसते.

दुसरा काळ दीक्षार्थीचा. स्वीकारविधीत कपाळावर क्रुसाची खूण केली जाते आणि येथून ती व्यक्ती चर्चशी अधिकृतपणे जोडली जाते. दरम्यान तिचे निधन झाल्यास ख्रिस्ती पद्धतीने अंत्यविधी मिळण्याचा तिला हक्क असतो. बायबल, धर्मतत्त्वे, उपासना आणि आचरण यांचे शिक्षण याच काळात होते. काळाची निश्चित मुदत नसते. व्यक्तीची तयारी हाच निकष असतो.

तिसरा काळ ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा. त्याच्या पहिल्या रविवारच्या सुमारास बिशपांच्या उपस्थितीत निवडविधी होतो आणि दीक्षार्थींची नावे नोंदवली जातात. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी असतात. त्या वेळी शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजरस यांच्या कथा वाचल्या जातात. तहान, दृष्टी आणि जीवन असा तो क्रम आहे. ईस्टरच्या जागरणरात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकाच उपासनेत दिले जातात.

त्यानंतर पेंटेकॉस्टपर्यंतचा चौथा काळ मिळालेल्या संस्कारांचे मनन करण्याचा आणि स्थानिक समुदायात रुळण्याचा असतो.

दीक्षार्थीसोबत एक धर्ममाता किंवा धर्मपिता असतो. ही व्यक्ती सामान्यतः सोळा वर्षे पूर्ण केलेली, दृढीकरण झालेली कॅथलिक असावी लागते. स्वतःचे आईवडील ही भूमिका घेऊ शकत नाहीत. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांचा बाप्तिस्मा असल्यास तो बिशपांच्या कानावर घालावा, असाही नियम आहे.

आधीच बाप्तिस्मा झाला असेल तर

बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने अन्य ख्रिस्ती पंथात झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च वैध मानते. अशा व्यक्तीला श्रद्धेची जाहीर कबुली देऊन स्वीकारले जाते. मराठी वाचकांना परिचित असलेल्या पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे धर्मांतर प्रोटेस्टंट परंपरेतले होते. तशा पार्श्वभूमीच्या व्यक्तीला कॅथलिक होताना पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

विवाहासाठी धर्मांतर आवश्यक नाही

कॅथलिक व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करायचे तर धर्म बदलावाच लागतो, हा व्यापक गैरसमज आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यासाठी बिशपांकडून विशेष सूट मिळू शकते. त्यासाठी कॅथलिक जोडीदाराला आपली श्रद्धा टिकवण्याचे आणि अपत्यांना कॅथलिक संस्कार देण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन द्यावे लागते. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची कल्पना दिली जाते, मात्र त्याच्याकडून असे वचन घेतले जात नाही. केवळ लग्नासाठी किंवा सासरच्या आग्रहाखातर घेतलेला बाप्तिस्मा या संस्काराच्या हेतूशी विसंगत ठरतो.

कायद्याची बाजू

संविधानाचे अनुच्छेद 25 प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क समाविष्ट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. मध्य प्रदेश, गुजरात यांसारख्या राज्यांत धर्मांतराबाबत विशेष कायदे असून तेथे जिल्हा प्रशासनाशी संबंधित औपचारिकता पाळाव्या लागतात. वास्तव्य असलेल्या राज्याचा कायदा आधी पाहणे इष्ट ठरते.

आणखी एक परिणाम दूरगामी आहे. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांपुरताच मर्यादित आहे. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास तो दर्जा व त्यावर आधारित आरक्षण मिळत नाही. अनुसूचित जमातीच्या दर्जाला मात्र धर्माची अट नाही.

सक्तीला मनाई

कोणालाही त्याच्या सद्सद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे चर्चचा स्वतःचा कायदा सांगतो. प्रौढाच्या बाप्तिस्म्यासाठी त्याने स्वतः व्यक्त केलेली इच्छा, पुरेसे शिक्षण आणि दीक्षार्थी म्हणून पारखलेले आचरण या अटी तो घालतो. इतका वेळ का लावला जातो, याचे उत्तर या अटींमध्येच आहे.