बेला टार यांचा संथ कॅमेरा

चिखलानें भरलेल्या एका उजाड वस्तींतून गाई बाहेर पडतात, आणि कॅमेरा घरांच्या कडेकडेनें त्यांच्याबरोबर सरकत राहतो. सुमारें आठ मिनिटें हेंच चालतें. चित्र एकदांही तुटत नाहीं. हंगेरीचे दिग्दर्शक बेला टार यांच्या १९९४ सालच्या 'सातानटँगो'ची ही सुरुवात. पुढें हा कृष्णधवल चित्रपट सात तासांहून अधिक चालतो!

हा संथपणा म्हणजे कलावंताची लहर, असें म्हणणारे पुष्कळ. मला तें पटत नाहीं. टार यांच्या १९७९ सालच्या पहिल्या कथापटाचा विषय होता घरटंचाई : नवऱ्याच्या आईबापांच्या खुराड्यांत लेकरासह कोंडलेली एक स्त्री. तेथें भांडण कानांवर आदळतें. पुढें आरडाओरड ओसरली. संताप मात्र राहिला. गरिबाचा वेळ कापून-छाटून दाखवावयाचा नाहीं, तो प्रेक्षकानेंही सोसावा, अशी ती हट्टी भूमिका होती.

२०११ सालचा 'तुरिनचा घोडा' हा आपला शेवटचा चित्रपट, असें त्यांनीं सांगून टाकलें होतें. वाऱ्यानें झोडपलेली झोपडी, बाप, लेक आणि रोज एकेक उकडलेला बटाटा. बापाचा एक हात लुळा. दुसऱ्यानें तो चटके सोसून साल काढतो. घोडा गाडी ओढीत नाहीं, विहीर आटते, तेल असूनही दिवा पेटत नाहीं. सहाव्या दिवशीं ताटांत बटाटा कच्चाच येतो. बाप एक घास चावतो. मुलगी हात लावीत नाहीं.