नरगुंदचे केतकर आणि अष्टमीचा चंद्र

व्यंकटेश बापूजी केतकर यांचे नाव निघाले की पाठोपाठ प्लूटोचेही नाव निघते. 1854 साली नरगुंद येथे जन्मलेले आणि बागलकोटच्या शाळेत शिकवणारे हे मराठी गणिती. नरगुंद आज गदग जिल्ह्यात असले, तरी 1997 पर्यंत ते आपल्या धारवाड जिल्ह्यातलेच गाव होते. तेव्हा हुबळी-धारवाडच्या मराठी माणसाला केतकरांचा अभिमान वाटणे साहजिक आहे. तो नेमका कशाचा असावा, एवढाच प्रश्न आहे. माझ्या मते प्लूटोपेक्षा अष्टमीच्या चंद्राचे श्रेय त्यांना अधिक शोभते. हे पटायला वाचकांना गणिताच्या तयारीची गरज नाही. देवळातली प्रदक्षिणा डोळ्यांपुढे आणली तरी पुरे.

आजोबा आणि नातू एकाच जागेवरून प्रदक्षिणेला निघाले आहेत असे समजा. आजोबा म्हणजे सूर्य, नातू म्हणजे चंद्र. दोघे एका जागी असतात त्या क्षणी अमावास्या संपते. मग नातू झपाट्याने पुढे जातो. वाटेचे तीस सारखे भाग केले, तर त्याची आघाडी एकेका भागाने वाढली की एकेक तिथी संपते. पूर्ण वर्तुळ 360 अंशांचे, म्हणून तिथी 12 अंशांची. तिथीमागचे गणित मुळात एवढेच आहे.

नातू एकाच चालीने चालला असता, तर पंचांग हे नुसत्या भागाकाराचे काम झाले असते. पण चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना भरभर चालतो, दूर गेला की रेंगाळतो. म्हणून ज्योतिषी आधी सरासरी चालीने त्याची जागा काढतात. तो ‘मध्यम’ चंद्र. मग तीत दुरुस्ती करतात. तो ‘स्पष्ट’ चंद्र. हुबळीहून सुटलेली बस निम्म्या वेळात निम्म्या वाटेवर असेल असे आधी धरावे आणि मग चढ नि थांबे यांचा हिशेब त्यात मिळवावा, तसाच हा प्रकार. दुरुस्तीला ‘संस्कार’ हा सुंदर शब्द आपल्याकडे रूढ आहे.

ही आकडेमोड सामान्य ज्योतिषाच्या आवाक्यात आणण्याचे मोठे काम कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी केले. त्यांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथाचा आरंभ 1520 सालचा. ज्या-चापांच्या किचकट गणिताला त्यांनी फाटा दिला, आणि पुढे शतकानुशतके महाराष्ट्र-कर्नाटकातली अनेक पंचांगे या ग्रंथावरून होत राहिली.

मग बिघडले कुठे? जुन्या गणितात चंद्राला मुख्य संस्कार एकच, जास्तीत जास्त सुमारे 5 अंशांचा. प्रत्यक्षात हा संस्कार सव्वासहा अंशांपर्यंत जातो, आणि सूर्याच्या ओढीमुळे आणखी सव्वा अंशाचा दुसरा संस्कार लागतो. गंमत अशी की अमावास्या-पौर्णिमेला हे दोन संस्कार परस्परविरुद्ध पडतात. सव्वासहातून सव्वा गेले, राहिले पाच! ग्रहणे याच दोन दिवशी होतात आणि गणिताची परीक्षा ग्रहणावरच घेतली जाई. त्या परीक्षेत जुने गणित उत्तीर्ण होत आले. पण अष्टमीच्या सुमारास हे दोन संस्कार एकाच बाजूला येऊ शकतात. मग पाचाच्या जागी साडेसात अंश होतात. अडीच अंशांचा हा फरक म्हणजे तिथीच्या वेळेत सुमारे पाच तासांची चूक. जिथे कोणी तपासलेच नाही, तिथे चूक सुखाने नांदत होती.

पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले सूक्ष्म गणित केतकरांनी पचवले आणि 1898 च्या ‘ज्योतिर्गणितम्’ या ग्रंथात ते संस्कृतात, कोष्टकांच्या रूपाने मांडले. ज्याला ते वापरायचे त्याची भाषा, त्याच्या सवयी त्यांनी जपल्या. कठीण भाग ग्रंथकर्त्याने एकदाच सोसायचा आणि वापरणाऱ्याकडे मुख्यतः बेरीज-वजाबाकी ठेवायची, हा गणेश दैवज्ञांचाच मार्ग होता.

विरोध झाला तो बेरीज-वजाबाकीला नव्हे. तिथी ढोबळमानाने 60 घटिकांची. ती फार तर पाच घटिकांनी वाढावी, सहांनी घटावी, असा जुना संकेत होता. त्यालाच ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत. नव्या गणिताने तिथी 67 घटिकांपर्यंत वाढू लागली आणि 50 पर्यंत घटू लागली. एकादशी कधी, श्राद्ध कोणत्या दिवशी, हे यावर ठरणार. घराघरांतला प्रश्न होता तो. शास्त्राचा शब्द मानायचा की आकाश, हा वाद त्यातून उभा राहिला आणि तो आजही पुरता मिटलेला नाही.

आता प्लूटोकडे वळू. 1911 मध्ये केतकरांनी फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे अनुमान मांडले. त्यांतला ‘ब्रह्मा’ सूर्यापासून पृथ्वीच्या 38.95 पट अंतरावर असून 242.28 वर्षांत एक फेरी करील, असे त्यांचे गणित होते. 1930 च्या फेब्रुवारीत सापडलेल्या प्लूटोचे सरासरी अंतर सुमारे 39.5 पट आणि फेरी सुमारे 248 वर्षांची निघाली. जुळणी लक्षणीय आहे. पण तो ग्रह आकाशात कोणत्या दिशेला शोधावा हे त्या अनुमानात नव्हते. प्रदक्षिणेची वाट केवढी हे कळले, तरी चालणारा त्या वाटेवर कुठे आहे हे कळत नाही. शिवाय ‘विष्णू’ हा दुसरा ग्रह सापडलाच नाही. म्हणून ‘प्लूटोचा शोध आमच्या केतकरांचा’ हे विधान आपण आवरते घ्यावे. प्लूटो सापडला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, विजापूर येथे केतकर निवर्तले.

त्यांच्या ग्रंथांमध्ये ‘केतकी’ ग्रहगणितावरचे वासनाभाष्यही आहे. ज्योतिषात ‘वासना’ म्हणजे उपपत्ती, हे असेच का याचे कारण. कोष्टक उत्तर हाती देते. वासना ते उत्तर पडताळून पाहण्याचा अधिकार देते. नुसत्या कोष्टकावर विसंबलेला ज्योतिषी अष्टमीची चूक शतकानुशतके पुढे नेत राहिला, कारण ती शोधायची कुठे हे त्याला ठाऊक नव्हते. वासना कळलेल्याला ते ठाऊक असते. गणित सामान्यांना समजावून सांगायचे ते यासाठी. नरगुंदच्या या शाळामास्तरांचे स्मरण आपण याच कामासाठी ठेवावे.