बुटाच्या टाचेतला शिक्का

आजचा भाग पायातल्या चपलेकडे बघत ऐका.

गेल्या रविवारी भाचीला शाळेसाठी शिक्के करायचे होते. भेंडी आडवी कापली, फूल झालं. बटाट्यावर चांदणी झाली. मग ती म्हणाली, "मामा, माझ्या नावाचा कर ना." घरात तुटलेली हवाई चप्पल होती. टाचेचा तुकडा कापला, कटर घेतलं आणि अर्धा तास खपून 'रमा' कोरलं. शाई लावून दाबलं, तर सगळं उलटं! बीटेक झालेल्या माणसाला आरशाची गोष्ट सुचली नाही.

दुसऱ्यांदा नाव पेन्सिलने बटर पेपरवर लिहिलं, कागद रबरावर पालथा घातला आणि मागून नखाने घासला. अक्षरं आपोआप उलटी उतरली. मग त्यांच्या आजूबाजूचं रबर काढलं. जमलं! पण बोट दुखत होतं, आणि तेव्हा मला 'स्टालाग लुफ्ट ३' आठवलं.

हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन कैदी कॅम्प. जागा झागान, आज पोलंडमध्ये आहे. तिथे दोस्त राष्ट्रांचे पकडलेले वैमानिक ठेवले होते. रॉजर बुशेल नावाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात एक प्लॅन होता : बोगदा खणायचा आणि २०० जणांना बाहेर काढायचं. एकूण तीन बोगदे, टॉम, डिक आणि हॅरी.

आता विचार करा, तारेच्या कुंपणाबाहेर पडलात, पण पुढे काय? ट्रेनमध्ये, स्टेशनवर, रस्त्यात, सगळीकडे कागद तपासले जायचे. ओळखपत्र, प्रवासाचा परवाना, आणि त्यावर सरकारी शिक्का. शिक्का नसेल तर खेळ खलास.

म्हणून कैद्यांनी बनावट कागदांचा एक 'विभाग'च उघडला. त्याचं गमतीचं नाव 'डीन अँड डॉसन', म्हणजे लंडनमधली एक ट्रॅव्हल कंपनी! प्रमुख होता टिम वॉलेन. टाइप केल्यासारखी दिसणारी अक्षरं ही मंडळी हाताने, ब्रशने काढायची. आणि शिक्के? बुटांच्या रबरी टाचांतून कोरलेले. गरुड, स्वस्तिक, गोल रेघ, बारीक अक्षरं, सगळं उलटं. माझं दोन अक्षरांचं नाव बिघडलं होतं, हे लक्षात घ्या.

बाकीचं सामानही टाकाऊच. दुधाच्या पावडरीच्या डब्यांतून बोगद्यात हवा नेणारा पाइप झाला. अल हेक या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने ग्रामोफोनच्या तबकड्या वितळवून होकायंत्रं बनवली.

२४ मार्च १९४४ ची रात्र. 'हॅरी' १०० मीटरहून लांब होता, तरी त्याचं तोंड झाडीच्या अलीकडेच उघडलं. ७६ जण बाहेर पडले, पुढचा पहारेकऱ्याला दिसला. मग संपूर्ण जर्मनीत शोधमोहीम सुरू झाली.

मी लॉगिन आणि ओटीपीचं काम करतो, त्यामुळे इथे थांबावंसं वाटतं. शिक्का समोरच्या तपासनिसाला पटवतो, 'हा माणूस खरा आहे.' पण एकदा सगळीकडे खबर गेली की तोच तपासनीस प्रत्येक परक्या चेहऱ्याकडे संशयाने बघतो. कागद तोच असतो, बघणाऱ्याचा विश्वास उडालेला असतो.

७३ जण पुन्हा पकडले गेले. हिटलरच्या हुकमावरून त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या. बुशेल गेला. टिम वॉलेनही गेला, आणि त्याच्याबरोबर प्रवास करणारे आन्री पिकार आणि गॉर्डन ब्रेटेलसुद्धा. हे दोघे त्याच्याच बनावट कागदांच्या कामातले. दुसऱ्यांसाठी कागद तयार करणाऱ्यांना स्वतःचे कागद वाचवू शकले नाहीत.

सुटले फक्त तीन : नॉर्वेचे पेर बर्गस्लँड आणि येन्स म्युलर, आणि नेदरलँड्सचा ब्राम फान डर स्टॉक. पहिले दोघे जहाजाने स्वीडनला पोचले, तिसरा थेट स्पेनपर्यंत गेला.

'द ग्रेट एस्केप' हा १९६३ चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. त्यात मोटरसायकलची उडी सगळ्यांना आठवते. पुढच्या वेळी बघाल तेव्हा टेबलाशी वाकून कागद करणाऱ्यांवर नजर ठेवा.

भाचीचा शिक्का आता तिच्या प्रत्येक वहीवर आहे, माझ्या लॅपटॉपवरसुद्धा. तुमच्या घरात जुनी चप्पल असेल तर करून बघा. कटर मात्र मोठ्यांच्या हातात, आणि अक्षरं उलटी! भेटू पुढच्या भागात.