बेडकांच्या चड्ड्या आणि माझा रिपोर्ट

लग्नाला तीन वर्षं झाली, मूल होईना, म्हणून तपासण्या सुरू झाल्या. सगळ्या बायकोच्या. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. आठ महिन्यांनी एका डॉक्टरांनी विचारलं, "यांची टेस्ट केलीत का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अर्धा कोड न उघडताच उरलेल्या अर्ध्यात बग शोधणाऱ्या ज्युनिअरला मी झापलं असतं. इथे मी स्वतः आठ महिने तेच करत होतो.

टेस्टच्या आदल्या रात्री झोप येईना. मोबाइलवर शोधत बसलो, की शुक्रजंतू पहिल्यांदा पाहिले कुणी?

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात अंतोनी फान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा त्याला नाद. १६७७ मध्ये योहान हाम हा विद्यार्थी त्याच्याकडे एका रुग्णाचं वीर्य घेऊन आला. त्यात शेपटीवाले जीव वळवळत होते. मग लेव्हेनहूकने स्वतःचं वीर्य तपासलं आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पत्रात खुलासाही केला, की नमुना पाप करून मिळवलेला नाही, पत्नीशी आलेल्या संबंधातला आहे. शिवाय हे किळसवाणं वाटलं तर खुशाल दाबून टाका. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये डबी खिशात लपवताना मला तो फार जवळचा वाटला.

जंतू दिसले, पण त्यांचं काम काय ते कळेना. विल्यम हार्वेने १६५१ मध्येच सगळे जीव अंड्यातून येतात असं मांडलं होतं. त्यामुळे दोन तट पडले. एक म्हणे, अख्खं बाळ अंड्यातच तयार असतं. दुसरा म्हणे, शुक्रजंतूत. हार्टसूकरने तर १६९४ मध्ये शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचं चित्रच छापलं. या दुसऱ्या तटाच्या हिशेबात बाई म्हणजे नुसती जमीन. आपल्याकडचं 'बीज आणि क्षेत्र' आठवलं ना?

अठराव्या शतकात इटलीच्या स्पालान्झानीने बेडकांच्या नरांना चक्क चड्ड्या घातल्या. मादीने घातलेली अंडी तशीच वाया गेली. चड्डीतलं वीर्य अंड्यांना लावलं, तर ती फळली. पुढे त्याने वीर्य गाळूनही पाहिलं. गाळलेलं पाणी निरुपयोगी, गाळणीवरचा साका मात्र कामाचा! उत्तर गाळणीवरच होतं. पण बाळ अंड्यातच असतं हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की शुक्रजंतूंना त्याने श्रेय दिलंच नाही. ते १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा यांनी दिलं. सस्तन प्राण्याचं अंडं तर १८२७ मध्ये सापडलं. कार्ल फोन बेअरला ते कुत्रीच्या बीजकोशात दिसलं.

शेवटी १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या पारदर्शक अंड्यात खरा प्रकार दाखवला. एक केंद्रक अंड्याचं, एक शुक्रजंतूचं, आणि दोघांचं मिळून एक. १८८३ मध्ये फान बेनेडेनने जंतांमध्ये गुणसूत्रं मोजली. आईकडून जितकी, बापाकडून तितकीच. माणसात ती २३ आणि २३. शुक्रजंतू दिसल्यापासून हा निम्मा-निम्मा हिशेब कळेपर्यंत दोनशे वर्षं गेली. भिंगं होती, नमुने होते. आड येत होतं ते आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर.

माझा रिपोर्ट आला. शुक्रजंतू कमी, त्यांची हालचालही मंद. डॉक्टर शांतपणे म्हणाले, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. सिगरेट बंद करा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.

घरी येऊन आईला सांगितलं, "आई, प्रॉब्लेम माझ्यात आहे."

आई बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं. पण हे बाहेर कुणाला सांगू नकोस हं."

बायकोचे रिपोर्ट आठ महिने मावशी, आत्या, काकू, सगळ्यांना तोंडपाठ होते. म्हणून माझा इथे लिहितोय.