जिन्याखालची जागा

धायरीतल्या कुठल्याही चार-पाच मजली सोसायटीत शिरा आणि जिन्याखाली डोकावून बघा. पाण्याची मोटर, हवा गेलेली सायकल, बिल्डरच्या उरलेल्या टाइल्स, फार तर वॉचमनची खाट. हीच मंडळी का? गणित सोपं आहे. मजल्याची उंची धरा दहा फूट. जिना मध्यावर वळतो, म्हणजे लँडिंग पाच फुटांवर. त्यातून स्लॅबचे सहा इंच वजा करा. उरले साडेचार फूट. ताठ उभं राहता येत नाही आणि सोडूनही देववत नाही :)

आता जरा मागे जाऊया. 'जिना' हा शब्द फारसीतला. 'दादर' म्हणजेही जिनाच. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तो बरेचदा भिंतीच्या जाडीतच काढलेला असे. अरुंद, काळोखा, उभा चढ, आणि कुठे कुठे वर बंद करायला झडप. चोर आला तरी एका वेळी एकच माणूस वर चढणार, हा त्यातला हिशोब. (आजच्या भाषेत फायरवॉल म्हणा.) अशा जिन्याखाली मिळून मिळून काय मिळणार? लाकूडफाटा, गोवऱ्या, कोळशाचं पोतं. धान्याची सोय वेगळी, बळदात किंवा पेवात.

म्हणजे आख्खा जिना लाकडाचा आणि त्याच्याखाली सरपण! मे 1879 मध्ये पुण्यात बुधवार वाडा जळून खाक झाला, विश्रामबाग वाड्याचंही मोठं नुकसान झालं. ती आग लावलेली होती, जिन्याखालच्या सरपणाचा तिथे संबंध नाही. पण लाकडी वाडा पेटला की किती भराभर जातो ते पुणेकरांनी तेव्हा पाहिलं.

मुंबईच्या चाळींनी मात्र या तिरक्या कोपऱ्याचं सोनं केलं. घड्याळ दुरुस्ती, इस्त्री, किल्ल्या, शिंपी. बसून करायचा धंदा असेल तर साडेचार फूट पुरतात की! माणूस आत बसलेला, गिऱ्हाईक बाहेर फुटपाथवर उभं. 'कल्पक वापर' म्हणून मासिकांत जे गुळगुळीत फोटो येतात त्यांच्यापेक्षा मला हे जास्त कल्पक वाटतं. पण जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात राहत्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट मिळतात, दुकानदाराला मात्र होती तेवढीच जागा. जिन्याखाली आयुष्य काढलेल्याच्या वाट्याला नव्या टॉवरमध्येही तेवढेच चौरस फूट.

तिकडे इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षाव सुरू झाला की लोक जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसत. घर कोसळलं तरी जिना बरेचदा उभा राही. हॅरी पॉटरला तिथे झोपवणाऱ्या बाईंनी (1997) ती जागा जगप्रसिद्ध केली, ते नंतर.

असो. 6 ऑक्टोबर 2023 ला गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पार्किंगमध्ये ठेवलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना आणि गाड्यांना आग लागली. धूर वर चढला. किमान सात माणसं गेली. धुराला वर जायला जिना म्हणजे तयार चिमणीच, आणि त्याच वाटेने माणसांना खाली यायचं असतं. राहती खोली किंवा कोठार थेट जिन्यात उघडू नये असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते ते म्हणूनच. धायरी 2017 मध्ये पूर्ण महापालिकेत आली. त्याआधी उभ्या राहिलेल्या कित्येक इमारतींना वर-खाली करायला एकच जिना आहे.

रो-हाऊसमधला आतला जिना असेल तर खुशाल ड्रॉवर करा, पुस्तकं ठेवा. सात इंच चढ, दहा इंच पायरी असेल तर सुरुवातीपासून साधारण साडेनऊ फुटांवर सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो. तिथे टेबल नीट बसतं. सोसायटीच्या सामायिक जिन्याखाली मात्र जुन्या गाद्या, रद्दी आणि चार्जिंगला लावलेली स्कूटर नको. तिथली मोटर आणि खाट यांचं काय करायचं, ते पुढच्या मीटिंगमध्ये काढाच.