गुड मॉर्निंऽऽग सऽऽर!

साकोली तालुक्यातलं एकोडी असो नाहीतर भंडारा जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, गुरुजी वर्गात शिरले की अख्खा वर्ग खडबडून उठतो आणि एका सुरात लांबण लावतो, ‘गुऽऽड मॉर्निंऽऽग सऽऽर!’ गुरुजी ‘सिट डाऊन’ म्हणतात. त्यावर तितकंच लांबलचक ‘थँक्यू सर’ येतं आणि मग कुठे बुडं टेकतात. ही चाल काही इंग्रजांची नव्हे. तिकडचा माणूस हे दोन शब्द जाता जाता पुटपुटतो. चाल आपल्याच ‘एऽक साथ नमस्ते’ची, बोल तेवढे बदलले.

बोल बदलणं ही गोष्ट मात्र वाटते तितकी किरकोळ नाही. मराठी मुलखात कुणी कुणाला काय म्हणायचं, हा शतकानुशतकं शिस्तीचा आणि प्रसंगी हुकमाचा विषय होता. यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावर चालत आलेलं ‘मेस्तक’ म्हणजे पत्रं कशी लिहावीत, कुणाला कोणता मायना घालावा, याचं शास्त्र. कुणाला साष्टांग नमस्कार, कुणाला आशीर्वाद, कुणाला दंडवत, कुणाला रामराम हे वय, हुद्दा आणि जात पाहून ठरायचं. महारांच्या वाट्याला जोहार होता.

ही चौकट मोडू पाहणाऱ्यांचं काय होई, याचा दाखला मुंबईतला आहे. सोनार मंडळी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागली, एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणू लागली. पेशवाईतल्या ब्राह्मणांना ते खपलं नाही. मुंबई तर इंग्रजांची. पण तिथल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारकडूनही १७७९ मध्ये त्यांनी हुकूम काढवून घेतला: सोनारांनी नमस्कार म्हणायचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणात हे प्रकरण मांडलं आहे. एका जातीचा नमस्कार बंद करणाऱ्या गोऱ्या साहेबांच्याच भाषेतलं अभिवादन पुढे सगळ्या जातींच्या पोरांच्या तोंडी एकसारखं बसावं, हा इतिहासाचा खट्याळपणाच.

भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी शाळा काढली. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि इंग्रजी ही कचेरीची, म्हणजे भाकरीची भाषा झाली. हिस्लॉप यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं. पण ते सगळं नागपूरला. खेड्यात इंग्रजी पोचली ती फार उशिरा, आणि पोचली तीही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वाटेनं. या वाटेनं गेलेल्या पिढ्यांचं व्याकरण लोखंडासारखं पक्कं असे. कर्तरीचं कर्मणी झोपेतही करतील; समोर इंग्रजी बोलणारा माणूस आला की मात्र घाम फुटे.

उलटापालट झाली २००० साली. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीत भेटायची. वाद भरपूर झाले. पण एक गोष्ट आपोआप घडली: सहा वर्षांच्या पोराला व्याकरण शिकवता येत नाही, त्यामुळे सुरुवात बोलण्यानं करावी लागली. बोलण्याची सुरुवात म्हणजे गुड मॉर्निंग आणि माय नेम इज.

आता पोरगं हाताची घडी घालून काय सांगतं ते नीट ऐकावं. ‘माय नेम इज अमुक. माय फादर्स नेम इज तमुक. आय लिव्ह इन एकोडी.’ एखादा इंग्रज बुचकळ्यात पडेल. त्यानं बापाचं नाव विचारलेलंच नसतं. ते विचारतं गाव. झाडीपट्टीत, म्हणजे या भंडाऱ्याकडच्या मुलखात, अनोळखी पोर दिसलं की पहिला सवाल, ‘कोनाचा गा तू?’ आणि दुसरा, ‘कोन गावचा?’ नाव तिसऱ्या नंबरवर, तेही विचारलं तर. शाळेतल्या इंग्रजीनं एवढंच केलं की नाव पुढे आणलं. उरलेली दोन उत्तरं जिथल्या तिथे राहिली. त्यातच आडनाव सांगून होतं आणि ज्याला जात हुंगायची असते त्याचं काम इंग्रजीतही भागतं.

तरीही गुड मॉर्निंगचा एक गुण नाकारता येत नाही. १९३० च्या दशकात कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी ‘जय भीम’ रुजवलं. जोहार झिडकारून ताठ मानेनं म्हणायचं अभिवादन. १९५४ साली बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले ते भंडाऱ्यातूनच. ते हरले, जय भीम मात्र गावोगाव राहिलं. आज याच भागात कुणी रामराम म्हणतं, कुणी जय भीम, गोंड मंडळी जय सेवा. कोण काय म्हणतं यावरून कोण कुठला हे कळतं. वर्गातलं गुड मॉर्निंग यातलं काहीच कळू देत नाही. अर्थात ‘सर’ त्याला चिकटलं ते चिकटलंच. मोठ्यापुढे वाकल्याशिवाय आपलं अभिवादन पुरं होत नाही.

फोनवरचं ‘हॅलो’ हे तर गुड मॉर्निंगहून नवं. एडिसननं १८७७ मध्ये ते सुचवलं. टेलिफोनचा जनक बेल मात्र ‘अहॉय’वर अडून होता. महाराष्ट्र सरकारनं २०२२ च्या गांधी जयंतीपासून हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याची मोहीम वर्ध्यातून सुरू केली. मोबाइलवर अजून ‘हॅलो, कोन बोलते?’ हेच ऐकू येतं.

शाळा सुटते, पोरगा नागपूर-पुण्याला मुलाखतीला जातो आणि माय नेम इजचं ‘मायसेल्फ अमुक’ होतं. इंग्रजीचे मास्तर या मायसेल्फवर तुटून पडतात, पण भारतभर ते बिनदिक्कत चालतं. पुढचं वाक्य ‘आय ॲम फ्रॉम एकोडी, तालुका साकोली, डिस्ट्रिक्ट भंडारा’. कंपनीच्या साहेबाला तालुका कशाला हवा, असं कुणी म्हणेल. पण एकोडी दोन आहेत. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि दुसरी एकोडी तिकडे, गोंदिया तालुक्यात गेली.