गिअर कोणी टाकायचा?

पुणे–नगर रस्त्याला मोटारींचा मोठा इतिहास आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस याच मार्गावर धावली. ती बेडफोर्ड होती. याच रस्त्यावर रांजणगावला फियाटचा कारखाना आहे, आणि तिथली अबार्थ पुंटो २०१५ साली बाजारात आली. १४५ हॉर्सपॉवर, दहा लाखांच्या आत एक्स-शोरूम किंमत आणि फक्त मॅन्युअल गिअर. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे २०१३ मध्ये, चाकणच्या फोक्सवॅगनने पोलो जीटी टीएसआय आणली होती. ती फक्त ऑटोमॅटिक.

काटेकोर बोलायचं तर या दोन्ही स्पोर्ट्स कार नव्हेत, जोरदार इंजिनाच्या हॅचबॅक आहेत. पण माझ्या पिढीला वेगाची चटक यांनीच लावली. आणि दोन शेजारच्या कारखान्यांनी एकाच प्रश्नाची दोन उलट उत्तरं दिली. मी पाथर्डीचा, नोकरीला पुण्यात, आणि सध्या सेकंडहँड गाडी शोधतोय. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता कट्ट्यावरचा नाही, त्यात माझी तीन वर्षांची बचत अडकलेली आहे.

मित्रांमध्ये विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. मॅन्युअल म्हणजे खरा ड्रायव्हर, ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची नाहीतर 'लेडीज' गाडी. इतिहास उघडून बघितला, तर हे दोन मिनिटंही टिकत नाही.

गिअर मुळात लागतो, कारण पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला ठरावीक फेऱ्यांमध्येच नीट जोर असतो. चढाला जोर हवा, सपाटीला वेग हवा, म्हणून मधे दातेरी चाकांच्या जोड्या बदलाव्या लागतात. जुन्या गाड्यांत वेगवेगळ्या गतीने फिरणारी ही चाकं ड्रायव्हरनेच जुळवायची. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, गिअर खाली आणायचा असेल तर किंचित रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. याला डबल क्लच म्हणतात. चुकलं की गिअरबॉक्स करकरतो. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं आणि ही जुळवाजुळव गिअरबॉक्स स्वतः करू लागला. म्हणजे आज ज्याला आपण 'शुद्ध मॅन्युअल' म्हणतो, त्यातलं सगळ्यात अवघड काम यंत्राने कधीच काढून घेतलंय. पुढे १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये जनरल मोटर्सचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला.

आता गंमत बघा. अमेरिकेची सर्वांत नावाजलेली स्पोर्ट्स कार म्हणजे शेव्हरले कॉर्व्हेट. १९५३ साली ती जन्मली तेव्हा तिच्यात मॅन्युअल गिअर मिळतच नव्हता. दोन गिअरचा ऑटोमॅटिक, बस्स. मॅन्युअल १९५५ मध्ये आला. आणि २०२०च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटमधून मॅन्युअल पुन्हा गेला.

मग मधल्या काळात मॅन्युअलला मान का मिळाला? कारण साधं आहे. त्या काळच्या ऑटोमॅटिकमध्ये दोन-तीनच गिअर असत, आणि इंजिनाचा जोर तेलातून चाकांकडे जाताना थोडा वाया जाई. मॅन्युअल गाडी जास्त पळायची आणि कमी प्यायची. इथे मर्दानगीचा संबंध नव्हता, हिशेब होता.

तो हिशेब मार्च १९८९ मध्ये ब्राझीलमध्ये उलटला. जॉन बार्नार्ड या डिझायनरने फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीत गिअरचा दांडा काढून स्टिअरिंगमागे दोन पॅडल बसवले होते. गाडी शर्यत पूर्ण करेल यावर टीमचाही भरवसा नव्हता. नायजेल मॅन्सेलने ती थेट जिंकली. हात स्टिअरिंगवरून उचलायचा नाही, क्लचला पाय लावायचा नाही. काही वर्षांत सगळी फॉर्म्युला वन त्या वाटेने गेली. १९९७ मध्ये हे तंत्र फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीत आलं. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स दिला. एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार असतो. त्याचाच सात गिअरचा धाकटा भाऊ चाकणच्या पोलोत होता.

इथे हा वाद संपायला हवा होता. पण २०१३ मध्ये पोर्शेने ९११ जीटी३मधून मॅन्युअल काढला आणि चाहते रुसले. २०१६ मध्ये कंपनीने फक्त मॅन्युअल असलेल्या ९९१ गाड्या ९११ आर या नावाने काढल्या, आणि २०१७च्या जीटी३मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत दिला. कंपनीच्याच आकड्यांनुसार शंभरचा वेग गाठायला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद लागत होते, मॅन्युअलला ३.९. लोक अर्धा सेकंद हरायला तयार होते. चाकणलाही असंच झालं. २०२२ची व्हर्टस जीटी प्लस फक्त ऑटोमॅटिक आली, आणि वर्षभराने तिच्यात सहा गिअरचा मॅन्युअलही मिळू लागला.

म्हणजे मॅन्युअल 'आनंद' कधी झाला? त्याची गरज संपल्यावर. घोड्याचं तसंच झालं. प्रवासाला घोडा लागेनासा झाला, तेव्हा घोडेस्वारी छंद झाली.

हे मला नीट उमगलं ते आमच्या नानांमुळे. नाना म्हणजे माझे चुलते. पंचवीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. पाथर्डीहून कापूस, कांदा, कधी ऊसतोडीला निघालेली माणसं भरून करंजी घाटातून नगरला. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही, ब्रेक तापतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरू द्यायची, हे त्यांनी मला शिकवलं. इंजिनाच्या आवाजावरून ते गिअर ओळखतात. आज त्यांना डावा गुडघा धरून जिना उतरावा लागतो.

मी त्यांना विचारलं, "नाना, मॅन्युअल घेऊ का ऑटोमॅटिक?"

ते म्हणाले, "आरं, आमच्यापुढं दुसरं होतंच काय निवडायला? क्लच दाबून दाबून पाय गेला. तुला हौस असल तर घे. पर कामाला म्हणून घेऊ नको."

पोर्शेवाल्यांना जे कळायला चार वर्षं लागली, ते नानांनी दोन वाक्यांत सांगितलं. नानांचं कौशल्य अस्सल होतं, पण तो त्यांचा छंद नव्हता, मजुरी होती. ज्याच्याकडे पर्याय आहे त्याने मॅन्युअलला 'मेहनतीचं' म्हणून मिरवणं ही त्या मजुरीची थट्टा आहे. ज्या बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला ऑटोमॅटिकमुळे पहिल्यांदा एकटीने-एकट्याने नगरला जाता येतं, त्यांना हसणं तर त्याहून वाईट.

मग मी काय घेणार? पुणे ते पाथर्डी एकच प्रवास आहे, पण त्यात दोन्ही उत्तरं सापडतात. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये पहिला-न्यूट्रल-पहिला करत तासभर सरकताना क्लचला कसलाही अर्थ नसतो. करंजी घाटात असतो. एकच गाडी परवडणारी असेल आणि रोज ऑफिसला न्यायची असेल, तर ऑटोमॅटिक घ्यावी, लाजायचं कारण नाही. माझं ऑफिस मेट्रोने होतं. मला गाडी हवी आहे ती महिन्यातून दोनदा गावी जायला, आणि खरं सांगायचं तर त्या घाटासाठी.

म्हणून मी रांजणगावची पुंटो शोधतोय. पोलो तिच्याहून शहाणी आहे हे मान्य करून. आई-बाबांना पुढच्या वर्षी गाडी घ्यायची आहे. ती मात्र ऑटोमॅटिकच असेल, आणि तिची पहिली फेरी नाना मारतील.